ऑनलाइन विक्रीत प्रामाणिक जाहिरात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरातून जीरावन (इंदुरी मिश्र मसाला), शेव, मेतकूट, गोडा मसाला, माहेश्वरी साड्या, हस्तकलेचे दागिने किंवा ऑनलाइन वर्ग विकणाऱ्या मराठी उद्योजकांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. यांतील बहुतेकांचा माल पुणे, मुंबई, नागपूर किंवा परदेशातील अशा घरांत जातो, जिथे विकत घेणाऱ्याने तो आधी हातात घेऊन पाहिलेला नसतो. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे. जिथे विषय दुसऱ्या प्रश्नाशी जोडलेला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी घरातूनच, फक्त व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवर विकते. माझे दुकान नाही, वेबसाइट नाही. जाहिरातीचे नियम मला लागू होतात का?

होय, लागू होतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. दिशाभूल करणारी जाहिरात ठरवताना तो विक्रेता लहान की मोठा हे पाहत नाही. त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियमही आले. त्यांतून सूट आहे ती केवळ वैयक्तिक पातळीवर, नियमित व्यवसायाचा भाग नसलेला व्यवहार करणाऱ्याला. घरातला जुना मिक्सर एकदा विकणे हा असा व्यवहार झाला. दर आठवड्याला स्टेटसवर यादी टाकून ऑर्डर घेणे हा नियमित व्यवसाय आहे. खाद्यपदार्थ विकत असाल तर घरच्या स्वयंपाकघरालाही एफएसएसएआयची, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानक प्राधिकरणाची, नोंदणी लागते आणि तो १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो स्वतः राहतो त्या ठिकाणच्या ग्राहक आयोगात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. त्यामुळे इंदूरच्या विक्रेत्याविरुद्ध पुण्याचा ग्राहक पुण्यातच दाद मागू शकतो, आणि उत्तर द्यायला विक्रेत्याला पुण्याचा विचार करावा लागतो.

२. थोडी अतिशयोक्ती तर सगळेच करतात. मग प्रामाणिक जाहिरात आणि खोटी जाहिरात यांतली रेघ कुठे काढायची?

ज्या वाक्याला 'हे खरे आहे का?' असे कोणी विचारणारच नाही, ते वाक्य कौतुकाचे आहे. ज्या वाक्यावर विसंबून कोणी पैसे भरतो, तो दावा आहे. 'एक घास खा आणि राजवाड्यासमोर उभे राहा' हे कौतुक झाले. ते वाचून आपण खरोखर इंदूरच्या राजवाड्यापाशी पोहोचू असे कोणी समजत नाही. 'आमच्या शेवेत पामतेल नाही' हा मात्र दावा आहे आणि तो पाकिटागणिक खरा असावा लागतो. 'इंदुरात क्रमांक १' हे वाक्य कौतुकासारखे वाटते, पण क्रमांक कोणी, कशाच्या आधारे दिला, याचे उत्तर तुमच्यापाशी असले पाहिजे. नसेल तर ते वाक्य टाकू नये.

कायद्याच्या व्याख्येत फक्त खोटे वर्णन येते असे नाही. खोटी हमी आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणे हेही त्यात येते. म्हणून प्रत्येक शब्द सुटासुटा खरा असूनही जाहिरात दिशाभूल करणारी ठरू शकते. 'गावरान तुपातले लाडू' असे लिहिले आणि तूप निम्मेच, बाकी वनस्पती तूप असेल, तर 'तूप आहेच की' हा बचाव चालणार नाही, कारण वाचणाऱ्याच्या मनात जो समज तयार झाला तो खोटा आहे. आम्ही सर्वांना एकच कसोटी सुचवतो. पार्सल उघडणाऱ्या व्यक्तीने जाहिरात शेजारी ठेवून पाहिली, तर तिला काही विचारावेसे वाटेल का? वाटणार असेल, तर त्या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीतच लिहावे.

३. 'शुद्ध', 'ताजे', 'घरगुती', 'पारंपरिक' हे तर आमचे रोजचे शब्द आहेत. तेही वापरायचे नाहीत का?

वापरता येतात, पण खाद्यपदार्थांच्या बाबतीत या शब्दांना नियमांनी अर्थ ठरवून दिलेला आहे. एफएसएसएआयच्या जाहिरात व दाव्यांविषयीच्या २०१८ च्या नियमांनुसार 'शुद्ध' हा शब्द एकाच घटकाच्या, काहीही न मिसळलेल्या पदार्थाला लावता येतो. नुसती हळद शुद्ध असू शकते. जीरावन हा मिश्र मसाला आहे, त्यात जिरे, धणे, आमचूर, काळे मीठ, हिंग असे कितीतरी पदार्थ असतात, म्हणून 'शुद्ध जीरावन' असे लिहिता येत नाही. सर्व घटक त्या कसोटीला उतरत असतील तर 'शुद्ध घटकांपासून बनवलेले' असे लिहिता येते. शब्दांतला हा फरक लहान दिसतो, पण दुसरे वाक्य लिहिण्यापूर्वी इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलेल्या प्रत्येक घटकाची खातरी करावी लागते, आणि नियमाचा हेतू नेमका तोच आहे.

'ताजे' हा शब्द धुणे, सोलणे, कापणे, थंड ठेवणे अशा मोजक्या क्रियांपलीकडे प्रक्रिया न झालेल्या पदार्थांसाठी राखलेला आहे. तळलेली शेव त्यात बसत नाही. त्याऐवजी तळल्याची तारीख लिहावी. 'शेव तळली: ४ तारीख, पार्सल निघाले: ५ तारीख' हे वाक्य 'एकदम ताजी' यापेक्षा ग्राहकाला कितीतरी जास्त सांगते, आणि आमच्या पाहण्यात लोक त्यावरच विश्वास ठेवतात.

'पारंपरिक' म्हणायचे तर ती कृती पिढ्यान्‌पिढ्या फारसा बदल न होता चालत आलेली असावी. 'घरगुती' हा शब्द चुकीचा समज निर्माण करत असेल तर वापरू नये असे नियमच सांगतो. माल खरोखर तुमच्या ओट्यावर होत असेल तर प्रश्न नाही. मागणी वाढली, भट्टी भाड्याने घेतली, कामाला माणसे ठेवली, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही, उलट ती प्रगतीच आहे. पण त्या दिवसापासून पाकिटावरचे 'घरगुती' काढावे आणि 'आमच्या घरच्या कृतीने' असे लिहावे.

'१००%' हा आकडा तर टाळावाच. मे २०२५ मध्ये एफएसएसएआयने खाद्य उद्योगांना तो लेबलावर आणि जाहिरातीत न वापरण्याचा सल्ला दिलेला आहे.

४. आमच्या मेथीच्या लाडवांनी ग्राहकांची साखर खरेच कमी झाली आहे. त्यांचे मेसेज आहेत. ते स्टेटसवर टाकू का?

टाकू नये. औषधे व जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा १९५४ पासून आहे. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा असे विकार नावानिशी दिलेले आहेत आणि त्यांवर उपाय असल्याची जाहिरात करण्यास त्यात मनाई आहे. दावा तुमच्या शब्दांत केला काय किंवा ग्राहकाचा मेसेज पुढे करून केला काय, जाहिरात तुमचीच असते. 'डॉक्टरांनी सुचवलेले' हेही खाद्यपदार्थांवर लिहिता येत नाही.

नियम बाजूला ठेवला तरी विचार करावा असे यात बरेच आहे. लाडवांत गूळही असतो. तुमच्या स्टेटसवर विसंबून एखाद्या आजीने गोळी बंद केली, तर त्या घरावर काय ओढवेल याचा अंदाज कोणालाही करता येईल. लाडवांत काय घातले, किती वजनाचा एक लाडू, गूळ किती, एवढे स्पष्ट लिहावे. ज्याला पथ्य आहे तो वाचून स्वतः ठरवील.

५. मी माहेश्वरी साड्या विकते. काही महेश्वरच्या हातमागावरच्या आहेत, काही बाजारातून घेतलेल्या पॉवरलूमच्या. ग्राहक दोन्हींना 'माहेश्वरी'च म्हणतात. मी काय लिहू?

दोन्हींना वेगळी नावे द्यावीत, आणि फरक वर्णनाच्या पहिल्याच ओळीत लिहावा. माहेश्वरी आणि चंदेरी या दोन्ही नावांना भौगोलिक निर्देशन म्हणजे जीआय मिळालेले आहे. असे नाव त्या प्रदेशातल्या, ठरलेल्या पद्धतीने केलेल्या मालासाठी राखलेले असते, आणि ते खोटेपणाने लावणे हा १९९९ च्या जीआय कायद्याखाली गुन्हा आहे. नर्मदाकाठच्या महेश्वरात अहिल्याबाईंच्या आश्रयाने वाढलेल्या विणकरीचे ते नाव आहे, आणि ती विणकरी आजही माणसांच्या हातांवर चालते. पॉवरलूमच्या साडीला 'माहेश्वरी' म्हणून आपण जे पैसे घेतो, ते त्या विणकराच्या नावावर घेतलेले असतात.

'माहेश्वरी स्टाइल', 'माहेश्वरी प्रिंट', 'सेमी माहेश्वरी' या शब्दांविषयीही वारंवार विचारणा होते. आमचे मत स्पष्ट आहे: हे शब्द मोठ्या अक्षरांत आणि 'पॉवरलूम' हा शब्द खाली बारीक अक्षरांत, अशी मांडणी प्रामाणिक नाही. 'पॉवरलूम कॉटन-सिल्क साडी, काठाची नक्षी माहेश्वरी धाटणीची' असे लिहावे. पोत रेशमी दिसतो पण धागा कृत्रिम आहे, असे असेल तर 'आर्ट सिल्क' या आडपडद्याच्या शब्दाऐवजी धाग्याचे नाव लिहावे.

हातमागाच्या साडीबद्दल मात्र मोकळेपणाने लिहावे, कारण तिथे खरे सांगण्यासारखे पुष्कळ असते. ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा आहे का? काठ उलटसुलट दोन्ही बाजूंनी नेसता येतो का? हँडलूम मार्कचे किंवा सिल्क मार्कचे लेबल असेल तर त्याचा जवळून फोटो द्यावा. हाताने विणलेल्या कापडात कुठे तरी धाग्याची गाठ किंवा रंगाची किंचित तफावत असते. तिचाही फोटो द्यावा. आम्ही पाहिलेल्या एका वर्णनात 'पदरापासून दीड वीत अंतरावर एक गाठ आहे, चौथ्या फोटोत दिसते' असे वाक्य होते. ते वाचून साडी परत पाठवण्याचे कारणच उरत नाही.

शेव विकणाऱ्यांसाठी याच उत्तराचा एक भाग: रतलामी शेवेलाही जीआय आहे. इंदुरात तळलेली लवंगेची शेव उत्तम असेल, पण ती 'लवंग शेव' आहे.

६. फोटोला फिल्टर लावणे फसवणूक आहे का? आणि एआयने केलेले फोटो चालतील का?

उजेड नीट करणे, मागची पसाऱ्याची खोली कापून टाकणे यात गैर काही नाही. रंग, आकार, पोत किंवा प्रमाण बदलले की फोटो खोटा होतो. लिंबू रंगाची साडी हळदी दिसणे, अर्ध्या किलोचे पाकीट किलोएवढे भासणे, शेवेवर डाळिंबाचे दाणे पसरून ते पाकिटात नसणे, हे सगळे त्यात आले. एआयने तयार केलेली मॉडेल कापडाची पडण कल्पनेने दाखवते, प्रत्यक्ष कापडाची नव्हे. म्हणून तसा फोटो वापरलाच तर त्यावरच तसे लिहावे आणि सोबत खऱ्या साडीचा साधा फोटो द्यावा. एआयने बनवलेला 'समाधानी ग्राहक' कोणत्याही कारणासाठी वापरू नये.

दुसऱ्या विक्रेत्याचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय उचलणे हा स्वामित्वहक्काचा भंग तर आहेच, शिवाय तो माल तुमच्याकडचा आहे असे भासवणे हेही खोटे त्यात आहे.

७. किंमत आधी वाढवून मग ५०% सूट दाखवतो, कारण सुटीशिवाय कोणी घेतच नाही. ग्राहकाला तर ठरलेल्या किमतीलाच मिळते. यात कोणाचे नुकसान आहे?

नुकसान ग्राहकाचे आहे, कारण त्याला वाटते की २,००० रुपयांची वस्तू त्याला १,००० ला मिळाली आणि त्या समजापोटी त्याने दुसरीकडे चौकशी केली नाही. ती वस्तू २,००० ला कधी विकलीच नसेल, तर ती सूट नव्हती. खोडलेली किंमत म्हणजे मागच्या काळात आपण खरोखर ज्या भावाने माल विकला तो भाव. त्या भावाची बिले आपल्याजवळ असावीत.

एमआरपीचा प्रश्न वेगळा आहे. वैधमापन शास्त्राच्या २०११ च्या नियमांनुसार पाकीटबंद मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो, आणि १ जानेवारी २०१८ पासून यांतील बहुतेक तपशील ऑनलाइन यादीतही दाखवावे लागतात. छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही. कमी घेता येते. पण केवळ सूट मोठी दिसावी म्हणून एमआरपी फुगवून छापणे हा वर सांगितलेलाच प्रकार आहे.

सुटीशिवाय विकले जात नाही, ही अडचण खरी आहे आणि आम्ही ती हलकी मानत नाही. यातून वाट काढलेल्यांनी बहुधा दोन गोष्टी केल्या: वर्षभराचा भाव एकच ठेवला, आणि सूट दिली ती कारणासह दिली. 'दिवाळीनंतर उरलेला माल, महिनाअखेरपर्यंत वापरावा, म्हणून ३०% कमी' हे वाचून सूटही पटते आणि विक्रेताही पटतो.

८. 'फक्त आजच', 'शेवटचे दोन नग', 'आत्ता १४ जण पाहत आहेत' असे लिहिल्याने विक्री होते. हे चालते का?

खरे असेल तर चालते. खोटी घाई निर्माण करणे हा डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला फसवून निर्णय घ्यायला लावणारी मांडणी, आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत असे १३ प्रकार दिले आहेत आणि त्यांत खोटी घाई आहेच. दररोज रात्री बारा वाजता पुन्हा २४ तासांवर जाणारे घड्याळ हे उघड खोटे आहे. दोन नग शिल्लक असतील तर दोन लिहावे, आणि विकले गेले की लगेच काढावे.

त्याच यादीतले आणखी काही प्रकार लहान वेबसाइटवर नकळत शिरतात, बहुधा तयार टेम्प्लेटमधून. टोपलीत आपोआप पडणारी दहा रुपयांची देणगी, आधीच खूण केलेली चौकट, 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' असे बटण. वेबसाइट करून देणाऱ्याने ठेवले म्हणून जबाबदारी त्याची होत नाही. स्वतः ग्राहक होऊन एक ऑर्डर शेवटपर्यंत द्यावी, म्हणजे हे सर्व दिसते.

९. 'किंमत इनबॉक्समध्ये विचारा' असे लिहिणे आणि डिलिव्हरी चार्ज शेवटी सांगणे योग्य आहे का?

योग्य नाही. ई-कॉमर्स नियमांनुसार एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड दाखवणे अपेक्षित आहे, आणि शुल्क थोडेथोडे करून शेवटी उघड करणे हा प्रश्न ८ मधल्या यादीतला प्रकार आहे. किंमत न लिहिण्यामागे बहुतेकदा समोरची व्यक्ती पाहून भाव सांगण्याचा मोह असतो. त्यापासून दूर राहावे. कुरिअरचा खर्च गावानुसार बदलत असेल तर 'महाराष्ट्रात इतके, बाकी भारतात इतके' असा छोटा तक्ता पुरतो.

'मोफत' या शब्दाबद्दलही नियम आहे. त्याच प्राधिकरणाच्या जाहिरातींविषयीच्या जून २०२२ च्या सूचनांनुसार मोफत वस्तूसाठी पोहोचवण्याचा अटळ खर्च घेता येतो. पॅकिंग किंवा हाताळणीचे पैसे घेतले की ती वस्तू मोफत उरत नाही.

१०. सुरुवातीला रिव्ह्यू नसतात. आत्या, मामी, मैत्रिणी यांनी पाच तारे दिले तर काय बिघडले? त्यांनी माल खाल्लेलाच आहे.

खाल्ला असला तरी त्या परक्या ग्राहक नाहीत, आणि वाचणारा त्यांना परक्या समजूनच त्यांच्यावर विश्वास ठेवतो. ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून रिव्ह्यू लिहिणे किंवा लिहवून घेणे याला मनाई आहे. आत्यांना आपले मत सांगायचेच असेल तर त्यांनी स्वतःच्या पानावर 'ही माझ्या भाचीची शेव' असे नात्यासह लिहावे.

सुरुवातीचा रिकामा काळ सगळ्यांनाच त्रासाचा जातो. त्याला उपाय म्हणजे प्रत्येक ग्राहकाला, खूश असो वा नसो, एकच मेसेज पाठवणे: 'पार्सल मिळाले का? जसे वाटले तसे दोन ओळींत लिहाल का?' फक्त कौतुक करणाऱ्यांनाच रिव्ह्यूची लिंक पाठवणे आणि कुरकुर करणाऱ्यांना न पाठवणे ही गाळणी आहे, आणि तीही दिशाभूलच. विकत मिळणाऱ्या रिव्ह्यूंबद्दल वेगळे लिहिण्याची गरज नाही.

११. रिव्ह्यू दिल्यास पुढच्या ऑर्डरवर सूट देऊ शकतो का?

गूगलसारख्या मंचांच्या धोरणांत मोबदला देऊन रिव्ह्यू घ्यायला मनाई आहे, त्यामुळे तिथे नाही. स्वतःच्या वेबसाइटवर देणार असाल, तर चांगला-वाईट कोणताही रिव्ह्यू चालेल असे आधी सांगावे आणि त्या रिव्ह्यूखाली 'लिहिणाऱ्यास सूट दिली आहे' असे दिसावे.

१२. एका ग्राहकाने अन्यायाने वाईट लिहिले आहे. तो रिव्ह्यू काढून टाकू का?

शिवीगाळ, खासगी माहिती किंवा माल न घेताच लिहिलेला मजकूर असेल तर मंचाकडे तक्रार करावी. केवळ कडू आहे म्हणून काढू नये. ऑनलाइन रिव्ह्यूंविषयी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १९०००:२०२२ हे मानक आहे. ते ऐच्छिक आहे, पण लिहिणाऱ्याची ओळख पडताळण्याची आणि मजकूर हाताळण्याची रीत कशी असावी हे त्यातून समजते. उत्तर द्यायचे ते थोडक्यात, वस्तुस्थितीपुरते: 'पार्सल १२ तारखेला निघाले, १९ ला पोहोचले. उशीर झाला हे खरे. पाकीट फुटले असल्यास फोटो पाठवा, पैसे परत करू.' ग्राहकाचे पूर्ण नाव, पत्ता किंवा आपसातील चॅट उत्तरात टाकू नये. रिव्ह्यू काढण्याच्या बोलीवर पैसे परत करणे हा सौदा आहे. पैसे द्यायचे असतील तर विनाअट द्यावेत.

१३. एका इन्फ्लुएन्सरला शेव-जीरावनचे पार्सल फुकट पाठवले. पैसे दिले नाहीत. तरीही तिने 'जाहिरात' लिहायला हवे का?

हवे. जून २०२२ च्या सूचना आणि जानेवारी २०२३ चे मार्गदर्शन यांनुसार मोबदला म्हणजे फक्त रोख नव्हे. फुकट माल, सूट, सहल, नातेसंबंध किंवा नोकरी यांपैकी काहीही असले तरी ते उघड करावे लागते. व्हिडिओत ते लिहूनही दिसावे आणि बोलूनही सांगावे, थेट प्रक्षेपणात ते सतत दिसत राहावे, आणि ज्या भाषेत शिफारस त्याच भाषेत सूचना असावी. मराठी रीलखाली हॅशटॅगांच्या गर्दीत एक इंग्रजी अक्षरजोडी टाकल्याने हे भागत नाही. 'हे पार्सल मला विक्रेत्याने मोफत पाठवले आहे' हे वाक्य पहिल्या काही सेकंदांत म्हणावे.

तिने माल खरोखर वापरून मत द्यावे, हीही नियमाचीच अपेक्षा आहे. म्हणून तयार संवाद पाठवू नयेत. दिशाभूल ठरल्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण विक्रेत्याला आणि शिफारस करणाऱ्याला १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. शिफारस करणाऱ्यावर पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत बंदीही येऊ शकते. तुमची बहीण इन्फ्लुएन्सर असेल तर प्रश्न १० चे उत्तर येथेही लागू पडते: नाते सांगावे.

१४. गणेशोत्सव मंडळाच्या यादीत दोनशे-तीनशे मराठी घरांचे नंबर आहेत. त्यांना दिवाळी फराळाची यादी पाठवू का? सगळे ओळखीचेच आहेत.

पाठवू नये. त्या घरांनी नंबर दिला तो वर्गणीच्या पावतीसाठी आणि आरतीची वेळ कळावी म्हणून. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसरीकडे उघड करणे हा २०१९ च्या ग्राहक कायद्यातही अनुचित व्यापार प्रथेत मोडतो, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाच हा आहे की ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी माहिती वापरावी. ओळखीचे असणे ही संमती नव्हे. उलट ओळखीमुळे लोक तोंडावर 'नको' म्हणत नाहीत, म्हणून तिथे अधिक जपावे लागते.

मंडळाच्या कार्यकर्त्यांना विचारून मांडवाच्या फलकावर एक कागद लावता येईल: 'फराळाची यादी हवी असल्यास या नंबरवर हो असे पाठवा.' व्हॉट्सअ‍ॅपचा ब्रॉडकास्ट मेसेज तसाही, ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो, ही व्यवस्था आपल्या सोयीचीच आहे. प्रत्येक मेसेजच्या शेवटी 'नको असल्यास थांबवा असे लिहा' ही ओळ असावी, आणि कोणी तसे लिहिले तर त्याच दिवशी नाव काढावे. परवानगीशिवाय लोकांना ग्रुपमध्ये ओढू नये. सर्वांचे नंबर सर्वांना दिसतात, आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रियांना याचा जो मनस्ताप होतो तो आम्ही पुष्कळ ऐकला आहे.

१५. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असे बिलावर छापले आहे. तेवढे पुरेसे आहे ना?

पुरेसे नाही. माल सदोष असेल, वर्णनाप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचला असेल, तर ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेता तो परत घेण्यास नकार देऊ शकत नाही. उशिराच्या बाबतीत नैसर्गिक आपत्तीसारखे कारण तेवढे अपवाद ठरते. बिलात मुदत लिहिलेली नसेल तर सदोष मालासाठी कायदा ३० दिवस धरतो. बिल न देणे हीदेखील अनुचित प्रथा आहे, मग ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर असली तरी.

ग्राहकाचा विचार बदलला, रंग आवडला नाही, अशा वेळी परत घ्यायचे की नाही हे तुम्ही ठरवू शकता. ते पैसे भरण्याआधी दिसेल अशा ठिकाणी लिहावे. उघडलेले खाद्यपदार्थ परत घेणार नाही, ही अट रास्त आहे. 'पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर तक्रार ऐकणार नाही' ही अट आम्हाला रास्त वाटत नाही. व्हिडिओ मागावा, पण तो नाही म्हणून फुटलेली बरणी दिसत असताना नाकारू नये.

१६. दुसऱ्या ब्रँडचे नाव घेऊन तुलना करता येते का?

करता येते. तुलना वस्तुस्थितीवर, सारख्या मालाची आणि पडताळता येण्याजोगी असावी. 'त्यांच्या पाकिटावरील घटकांत पामतेल लिहिले आहे, आमच्यात शेंगदाणा तेल आहे' हे चालते, जोवर त्यांचे पाकीट तसे म्हणते तोवर. 'त्यांची शेव खाऊन लोक आजारी पडतात' हे बदनामीत जाते. त्यांच्या नावाशी मिळतेजुळते नाव किंवा तशीच रंगसंगती वापरणे टाळावे.

१७. ऑनलाइन वर्ग विकतो. 'तीन महिन्यांत महिन्याला ५० हजार कमवा' असे लिहू शकतो का? दोन विद्यार्थिनी खरोखर कमावतात.

दोघींचे खरे आहे, पण जाहिरात वाचणारी समजते की सर्वांचे असेच होते. इतर किती शिकल्या, त्यांपैकी किती जणींनी विक्री सुरू केली, आणि त्या दोघींपाशी आधीपासून काय होते, हे सांगितल्याशिवाय तो आकडा दिशाभूल करणारा आहे. उलाढाल म्हणजे नफा नव्हे, हेही स्क्रीनशॉट टाकताना विसरले जाते. वर्गात काय शिकवणार, किती तास, कोणते साहित्य घरी लागेल, प्रश्नांना उत्तर कोण देणार, हे लिहावे. घरखर्चातून वाचवलेल्या पैशांत फी भरणाऱ्या बायका या वर्गांना येतात, त्यांना तेवढे आधी कळले पाहिजे.

१८. 'पर्यावरणस्नेही पॅकिंग' आणि 'विक्रीतील भाग गरजूंना' असे लिहिले तर?

ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगविरुद्ध, म्हणजे पर्यावरणस्नेही असल्याचा खोटा आव आणण्याविरुद्ध, सूचना आल्या आहेत. मोघम शब्दाऐवजी 'बाहेरचा खोका पुनर्वापराच्या पुठ्ठ्याचा, आतली पिशवी प्लास्टिकची' असे नेमके लिहावे. इंदूरच्या घराघरांत ओला-सुका कचरा वेगळा करणाऱ्या लोकांना यातला फरक चांगला कळतो. दानाबद्दल किती रक्कम, कोणाला, केव्हा दिली हे पावतीसह सांगता येत नसेल तर तो उल्लेख करू नये.

१९. मी सगळे नियम पाळतो, पण शेजारचा खोट्या सुटी आणि खोटे रिव्ह्यू लावून माझ्यापेक्षा जास्त विकतो. मी काय करू?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि त्यातली चीड समजण्यासारखी आहे. त्याच्या पानावर जाऊन भांडू नये, आणि नाव घेऊन स्टेटसवर लिहू नये. प्रश्न १६ मधली बदनामीची बाजू तेव्हा तुमच्यावर उलटू शकते. तारखेसह स्क्रीनशॉट ठेवावेत. ज्या मंचावर जाहिरात आहे तिथे आधी तक्रार करावी. जाहिरातीतील मजकुराबद्दल भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे, म्हणजे १९८५ मध्ये स्थापन झालेल्या एएससीआयकडे, कोणालाही तक्रार पाठवता येते. फसलेला ग्राहक तुमच्याकडे आला तर त्याला १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक द्यावा. खाद्यपदार्थांत भेसळीचा किंवा खोट्या लेबलचा संशय असेल तर अन्नसुरक्षा अधिकाऱ्याकडे लेखी कळवावे.

आपल्या बाजूने एक काम लगेच करता येते. तो जिथे 'शुद्ध', 'अस्सल', '५०% सूट' लिहितो, तिथे आपण घटकांची पूर्ण यादी, तेलाचे नाव, तळल्याची तारीख आणि पैसे परत करण्याची अट लिहावी, आणि प्रत्येक दाव्याचा कागद, म्हणजे बिल, तपासणीचा अहवाल, विणकराची पावती, एका फायलीत लावून ठेवावा. ग्राहकाने विचारले तर त्याच मिनिटाला त्या कागदाचा फोटो पाठवता यावा.